मशीन काढल्यानंतरची वाक्यं

ती. काकांना,

साष्टांग नमस्कार. (सध्या कागदावरचाच. समोर आलात तर प्रत्यक्ष करीन. याला आमिष समजलात तरी माझी हरकत नाही.) इकडे सगळे ठीक. ‘ठीक’ हा शब्द मी तपासून वापरला आहे: ताप कुणाला नाही, जेवणं वेळेवर होतात, आणि जेवताना वाटीला चमचा लागल्याचासुद्धा आवाज स्वच्छ येतो, कारण दुसरा कुठलाच आवाज नसतो. तुमचा गुडघा कसा आहे? उशी बदलली की तुमची मान आखडते, म्हणून तुमची उशी तिकडे पाठवू का, असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, ज्याला उशी हवी तो उशीपाशी येईल.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन करून झाले. तुम्ही उचलता, “काही ऐकू येत नाहीये” म्हणता आणि ठेवून देता. ते खरंच आहे, कारण तुमची दोन्ही श्रवणयंत्रं माझ्या कपाटात आहेत. मोबाईलवरचे संदेश तुम्ही न वाचता पुसता, हे तर आपल्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे. राहिला कागद. हे पत्र पूर्णपणे तांत्रिक स्वरूपाचं आहे आणि बाबांना त्याची कल्पना नाही. मध्येच कुठे भावनिक मजकूर आढळल्यास तो नजरचुकीने आला असं समजावं.

आता क्रमाने लिहिते. आपलं शहर आणि नदीपलीकडचं शहर एक करायचं का, यावर येत्या रविवारी सार्वमत आहे. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, ‘नाही’च्या बाजूची अर्धी पत्रकं तुम्हीच वाटलीत. पण या सार्वमतामुळे माझ्या दवाखान्यात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल. कानाचं मशीन लावणाऱ्या माणसाकडे लोक ऐकू यावं म्हणून येतात, अशी माझी शिक्षण घेताना समजूत होती. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले (नावं सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे) आणि म्हणाले, मशीन उत्तम आहे, फक्त ‘होय’वाल्या जावयाचा आवाज त्यातून काढून टाका. एका बाईंना नवऱ्याचा आवाज हवा होता, पण बातम्या सुरू होईपर्यंतच. एकांनी तर मशीन परतच आणून दिलं; म्हणाले, निकाल लागला की घेऊन जातो, तोवर शांतता परवडते. सगळं शहर एकमेकांवर खेकसत होतं आणि सगळ्यांची तक्रार एकच, की समोरचा ऐकून घेत नाही.

आपलं घर तरी कुठे वेगळं होतं? खालच्या गॅलरीला बाबांची ‘होय’ची पाटी, वरच्या गॅलरीला तुमची ‘नाही’ची. टपालवाल्याने आईला विचारलं होतं, की या घरात नक्की राहायचं ठरलंय ना? तुम्ही वरून पाटीला पाणी घालता असं बाबा म्हणायचे. (तुम्ही कुंडीला घालत होता. कुंडी पाटीच्या बरोबर वर सरकवली कुणी, हा प्रश्न मी काढत नाही.) आणि याच काळात तुम्ही दोघं, एकमेकांना न सांगता, माझ्याकडे येऊन गेलात. बाबा म्हणाले, माझ्या मशीनमध्ये त्याचा आवाज तेवढा कमी कर. तुम्ही म्हणालात, दादाचा आवाज तेवढा कमी कर. तेव्हा मी तुम्हा दोघांना जे सांगितलं तेच इथे पुन्हा लिहिते: तुमचे आवाज एकाच पट्टीतले आहेत. एकाचा कमी करायला गेलं, तर ऐकणाऱ्याला स्वतःचाही ऐकू येणार नाही. तुम्ही दोघंही यावर थोडा वेळ विचार करून म्हणालात, मग राहू दे.

अशा वातावरणात ग्रंथपाल बाईंनी सभ्य वादसभा ठरवली. नियम तुमच्या लक्षात असेलच, तुम्हाला तो शाळकरी वाटला होता: प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो “हो, असंच” म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. एका बाजूला पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत नोकरी काढलेले बाबा, दुसऱ्या बाजूला बस आगारात वेळापत्रक लावणारे तुम्ही. सख्खे भाऊ म्हटल्यावर भाषा सभ्य राहील, असा बाईंचा अंदाज होता. (बाई एकुलत्या एक आहेत.) पहिला भाग फार चांगला झाला, हे मी ध्वनियंत्रणेवर बसून ऐकलं आहे. शहरं एक झाली की कार्यालयंही एक होतील आणि ती नदीपलीकडे जातील, नळ बंद पडलेल्या बाईला ओरडायलासुद्धा दोन बस बदलाव्या लागतील, असं तुम्ही म्हणालात. मग बाबांची पाळी. बाबा म्हणाले, माझ्या सन्माननीय बंधूंचं म्हणणं असं, की त्यांना बदलच नको. तुम्ही म्हणालात, नाही. बाबा म्हणाले, बंधूंना पलीकडचे लोक आवडत नाहीत. तुम्ही म्हणालात, माझी सासुरवाडीच पलीकडे आहे. सभागृह हसलं, काकू सोडून. असं बराच वेळ चाललं, बाईंनी चष्मा दोनदा पुसला, आणि शेवटी बाबा कपाळाला आठ्या घालून हळू म्हणाले, “माझ्या भावाचं म्हणणं असं, की तक्रार ऐकणारा माणूस जितका लांब बसतो, तितकं त्याला कमी ऐकू येतं.” तुम्ही म्हणालात, “हो. असंच.” (अंतराविषयीचं हे विधान माझ्या शास्त्रालाही मान्य आहे.) यावर बाबांनी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी दिलं नाही. पाणी प्यायले आणि मध्यंतर मागून घेतलं.

आता तांत्रिक भाग. त्या सभागृहाच्या फरशीखालून एक तार फिरवलेली आहे. माईकमधला आवाज त्या तारेतून थेट कानातल्या मशीनमध्ये येतो, मधला गलका गाळून. ही जोडणी मी केली होती, कारण श्रोत्यांपैकी निम्मे माझेच पेशंट. मध्यंतर होताच मी माईकचं बटण बंद केलं. भोंगे गप्प झाले. पण तारेची जोडणी मी त्या बटणाच्या अलीकडून घेतली होती, म्हणजे तार चालूच राहिली. (दोष माझा. नोंद घ्यावी, चर्चा नको.) बाबांच्या सदऱ्याला माईक तसाच होता, आणि तो घेऊन ते रंगमंचामागच्या खोलीत गेले, जिथे रचून ठेवलेल्या खुर्च्या आणि आई होती. परिणामी, पुढची काही मिनिटं बाबा जे बोलले ते सभागृहातल्या प्रत्येक कमी ऐकणाऱ्याला ऐकू गेलं, आणि चांगल्या कानाच्या एकालाही नाही. माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून मी अपवाद.

पहिलं वाक्य तुम्ही ऐकलंत. मीही ऐकलं. “आयुष्यभर वेळापत्रक लावत बसला, एक गाडी कधी वेळेवर सुटली नाही, आणि हा निघाला शहर वाचवायला!” तुम्ही मंचावर एकटेच बसला होता. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही आधी उजवं मशीन काढलंत, मग डावं, दोन्ही पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवलीत, आणि बाजूच्या दाराने निघून गेलात. पहिल्या रांगेतल्या शिवणवाल्या आजी उठून ओरडल्या, “अहो, थांबा, पुढचं ऐका!” पण तुमच्या कानात मशीन नव्हतं. आणि तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत.

पुढचं म्हणजे हे. हे पत्र लिहिण्याचं तांत्रिक कारण एवढंच, की प्रक्षेपण अर्धवट पोहोचलं असेल तर ते पूर्ण करणं ही जोडणी करणाऱ्याची जबाबदारी असते. आईने विचारलं, मग तुम्ही उत्तर का दिलं नाहीत? खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग नुसती खरखर. (मला वाटलं तार तुटली.) मग म्हणाले, “काय देणार? खिडकीचं त्याचं बरोबर आहे. मी सगळी नोकरी त्या खिडकीच्या आत बसून काढली, मला नाही सुचलं. त्याला बाहेर उभं राहून सुचलं. लहानपणापासून असंच. माझ्याआधी त्याला कळतं, आणि मग माझ्याकडे बघत राहतो, दादा ‘तुझं बरोबर’ कधी म्हणतोय म्हणून. एकदा म्हणायचं राहूनच गेलंय.” माझं काम शब्दशः उतरवून घेण्याचं नाही, पण यात फरक असलाच तर एखाद्या शब्दाचा असेल.

सभागृहात काय झालं ते ऐका. पुढच्या चार रांगांतल्या म्हाताऱ्यांनी रिकाम्या मंचाकडे बघून टाळ्या वाजवल्या. एक आजोबा डोळे पुसू लागले. मागे बसलेल्या तरुण मंडळींना काहीच कळेना. कुणी म्हणालं उकाड्याने झालं, कुणी पाणी आणायला पळालं. नेमके तेव्हाच बाबा मंचावर आले, टाळ्या आपल्याच आगमनाला आहेत असं समजून मान लववली, आणि मग तुमची रिकामी खुर्ची दिसली. शिवणवाल्या आजींनी त्यांना पहिल्या रांगेतूनच, खड्या आवाजात, सगळं सांगितलं. त्यामुळे चांगल्या कानाच्यांनाही कळलं. बाईंनी सभा संपल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की वादसभा आदर्श सभ्यतेत पार पडली.

तुम्ही त्याच संध्याकाळी पिशवी भरून काकूंच्या भावाकडे गेलात. ‘नाही’चा प्रमुख वक्ता मतदानाच्या तोंडावर नदीपलीकडे राहायला गेला, यावर गल्लीत बरंच बोलणं झालं, ते मी लिहीत नाही. काकूंचं म्हणणं तेवढं लिहिते: “भांडण यांचं आणि दादांचं. माहेर माझं. तिथे हे का गेले?” याचं उत्तर मला शास्त्रात सापडलं नाही. बाबांनी ‘होय’ची पाटी उतरवली आहे. कुणी विचारलं तर रंग द्यायचाय म्हणतात. रंग आणलेला नाही. संध्याकाळी जिन्यात येऊन उभे राहतात, वर बघतात, आणि आई दिसली की दिवा गेलाय का ते पाहत होतो म्हणतात. दिवा चालू असतो.

तर विनंती अशी: मशीन जास्त दिवस न वापरता ठेवणं योग्य नाही, शिवाय तुमच्या डाव्या मशीनची फेरजुळणी राहिली आहे आणि ती कानात बसवूनच करावी लागते. शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात, किंवा सोयीचं पडत असेल तर घरी यावं. मामांना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
बिनऔषधाची डॉक्टर

ता. क. माझं मत काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. मतदान गुप्त असतं.

ता. क. २. डाव्या मशीनची फेरजुळणी मी मागच्याच महिन्यात केली आहे. दोन्ही मशीन कुरियरनेही पाठवता येतात. मी चौकशी केली होती. पाठवणार नाही.

ता. क. ३. खरं काम असं. आजवरच्या प्रत्येक मतदानाला तुम्ही आणि बाबा बरोबर गेलात, रांगेत एकामागे एक उभे राहिलात, विरुद्ध मतं दिलीत, आणि परत येताना एकाच टपरीवर चहा घेतलात. बाबा म्हणतात, या वेळी मी जाणार नाही, गुडघा दुखतो. गुडघा तुमचा दुखतो, त्यांचा नाही. तुम्ही आलात तर ते जातील, आणि माझ्या अंदाजाने ‘नाही’ देतील. तुम्ही रागावून ‘होय’ देऊ नये, एवढंच. नाहीतर पुढचा महिना मला हीच भाषणं उलट्या आवाजांत ऐकावी लागतील.

ता. क. ४. पत्र टेबलावर ठेवून मी पाकीट शोधायला गेले होते. परत आले तर बाबा वाचत होते. पूर्ण वाचलं. रागावले नाहीत. एकच दुरुस्ती सांगितली: “सकाळची पहिली गाडी सुटायची वेळेवर. रोज. मी तिनेच जायचो कामाला. तेवढं लिही.” लिहिलं. बाकीचं त्यांना स्वतःच सांगायचं आहे म्हणतात, आणि शनिवारी दुपारपासूनच जिन्यात उभे राहणार आहेत. तुम्ही आलात की मी त्यांना लगेच बोलू देणार नाही. आधी तुमच्या कानात मशीन, मग बाबा.