न घेतलेल्या नोटिशीची वही

३ मार्च, सकाळी अकरा

चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या बाई, ही वही तुझ्यासाठी. म्हणजे माझ्याचसाठी. काल काय ठरवलं ते आज तुला आठवत नाही, म्हणून यापुढे सगळं लिहून ठेवायचं आणि दर सोमवारी वाचून घ्यायचं. दुसऱ्या कुणी बघायची नाही. मला स्वतःला अक्षर कळत नाही, म्हणजे गुपित पक्कंच.

लिहून घेतेय खालच्या गाळ्यातली मशीनवाली. तिच्याच मापांच्या वहीत. पानावर आधी तारीख, मग गिऱ्हाइकाचं माप, मग उरलेल्या जागेत मी. तिच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे मध्ये बोलत नाही. लिहिणारा असावा तर असा.

मुद्द्याचं. नातीचा घटस्फोट. चार महिने झाले, लेकीला घेऊन माझ्याकडे राहतेय. लेक पाच वर्षांची, चिमणी म्हणतो. नातजावई म्हणतो मुलगी माझ्याकडे हवी, मी कोर्टात जातो. नात म्हणते, आजी, चिमणी गेली तर मी संपले. तर चिमणीला या तिसऱ्या मजल्यावरून हलू द्यायचं नाही, एवढंच काम. झालंच म्हणून समजा.

परवा वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चार गोष्टी बजावल्या. नातीनं लिहून घेतल्या, मी रुमालाला गाठी मारल्या. एक, रागाच्या भरात नवऱ्याला मेसेज नाही. दोन, कागद सगळे एका जागी, जपून. तीन, मुलीसमोर बापाची निंदा नाही. चार, कोर्टाचा कागद आला की घ्यायचा, तारीख बघायची, त्याच दिवशी मला फोन.

चौथी गाठ जिन्यातच सोडली. वकीलबाई हुशार, पण वय काय तिचं. माझ्या भावानं भिंतीच्या भांडणात नोटीस हातात घेतलीच नाही. अकरा वर्षं केस जागची हलली नाही. कागद घेतला तर खटला. घेतलाच नाही तर कसला खटला?

मशीनवाली उं उं करत होती. टाचणी टोचली असेल.

५ मार्च

तिसरी गाठ काटेकोर पाळली. बापाबद्दल अवाक्षर नाही. चिमणीला फक्त लांडग्याची गोष्ट सांगितली. लांडग्याला चष्मा होता, एवढंच. चिमणीनं विचारलं, पणजी, आपल्या बाबांसारखा? मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलं का? कायद्यात बसतं.

६ मार्च, दुपारी

आला! नात दातांच्या दवाखान्यात, कामावर. चिमणी शाळेत. दारात कोर्टाचा माणूस, काखेत खाकी पिशवी, तीन जिने चढून धापा टाकतोय. नातीचं नाव घेतलं. मी म्हटलं, या नावाचं इथं कुणी राहत नाही. त्यानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, जुनी पाटी आहे, आधीच्या भाडेकरूंची.

पाटी नातीनं गेल्याच महिन्यात लावलीय. तिच्यावर काय लिहिलंय ते मला काय ठाऊक.

पाणी दिलं बिचाऱ्याला. दोन भांडी प्यायला. गेला. एक-शून्य.

१० मार्च

खाकी पिशवी पुन्हा हजर. आज बहिरी झाले. तो ओरडतोय, आजी, कोर्टाचं समन्स आहे, घेतलं नाहीत तर तुमचंच नुकसान. मी म्हटलं, दूधवाला सकाळी येऊन गेला. मग चिमणीच्या लाल बुटांकडे बघत बसला. मी म्हटलं, माझे आहेत.

शेवटी हरला. जिन्यात बसून कागदावर काहीतरी लिहिलं. माझं नाव विचारलं. बापाच्या नावासकट ठणकावून सांगितलं, आपण काय कुणाला घाबरतो? म्हणाला, काय लिहिलंय ते वाचून दाखवू का? मी म्हटलं, मला येतं वाचता, चष्मा सापडत नाहीये इतकंच.

(चष्मा कपाळावर होता. हे लिहू नकोस. लिहिलंस? राहू दे.)

मशीनवालीनं टाचण्या काढल्या. म्हणाली, आजी, नातीला सांगा. मी तिला शपथ घातली. ती म्हणाली, माझ्या एका पाहुण्यानं असाच कागद घेतला नाही, तर... मी म्हटलं, टाचण्या घाल.

१४ मार्च

चिकटवून गेला! दारालाच! मी आंघोळीला गेले होते. बरं, नात यायच्या आत दिसला. कोमट पाण्याचा बोळा फिरवून सोडवला. एक कोपरा फाटू दिला नाही. दुसरी गाठ म्हणते कागद जपून ठेवा. ठेवला. पिठाच्या डब्याच्या तळाशी, पिशवीत गुंडाळून.

मशीनवाली म्हणाली, निदान आणा, तारीख तरी वाचते. मी म्हटलं, न वाचलेला कागद म्हणजे न आलेला कागद. तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं. पटलं असणार.

१९ मार्च

शांतता. जिंकलो.

फक्त नात नखं खाते. रोज दारातून आत येता येता विचारते, आजी, काही आलं का? आज चप्पल काढायच्या आधीच विचारलं. मी म्हटलं, माझ्या हातात कुणी काही दिलं नाही. खरंच आहे, दाराला दिलं होतं. शब्दाची पक्की आहे मी.

जेवली नाही. चिमणीच्या केसांना तेल लावत बसली, तेल संपलं तरी.

२४ मार्च

पिठाचा डबा आता फक्त मीच उघडते. नात म्हणाली, आजी, तू हल्ली फार काम करतेस. डोळे भरून आले तिचे. माझेही आले, पण मी सांगितलं पीठ उडालं.

२८ मार्च, दुपारी तीन

वकीलबाईंचा फोन. सव्वीस तारखेला सुनावणी झाली. आमच्याकडून कुणी नाही. कोर्टानं लिहिलं, समन्स घरी पोचलं, घरच्या बाईनं घ्यायला नकार दिला, दारावर लावलं, म्हणजे मिळालंच. मग एकट्या नातजावयाचं ऐकून हुकूम. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत चिमणी बापाकडे द्यायची.

नकार देणाऱ्या बाईचं नाव बापाच्या नावासकट छापलंय.

२८ मार्च, चार

भावाला फोन केला. म्हटलं, तुझी केस अकरा वर्षं हलली नव्हती ना? तो म्हणाला, हलली नव्हती काय, पहिल्याच वर्षी माझ्या पाठीमागे निकाल लागला. मला कळायला अकरा वर्षं लागली. भिंत गेली ना गं. मी म्हटलं, कधी बोलला नाहीस. म्हणाला, तू भिंतीचं कधी पुढं विचारलंस?

२९ मार्च

नात ओरडली असती तर बरं झालं असतं. जमिनीवर बसून चिमणीचे कपडे घड्या घालत होती. मोजे, मग फ्रॉक, मग पुन्हा तेच मोजे. मी डबा आणून तिच्यासमोर उपडा केला. पिशवी निघाली. पिठातून हात घालून तिनं कागद उघडला, वाचला. एवढंच म्हणाली, आजी, पहिल्याच ओळीत तारीख होती.

वकीलबाई म्हणाल्या, हुकूम थांबवता येईल. पण नातीला खरंच काही माहीत नव्हतं, हे कोर्टाला दिसलं पाहिजे. मी म्हटलं, मी सांगते ना. त्या म्हणाल्या, आजी नातीसाठी सांगणारच, त्याला कोण विचारतंय?

तेवढ्यात मशीनवाली वर आली. दुसऱ्या मजल्यापासूनच टाचण्या हातात. म्हणाली, सगळं लिहिलेलं आहे. तारीखवार.

मी म्हटलं, शपथ! ती म्हणाली, आजी, शपथ सांगायची नाही अशी होती, दाखवायची नाही अशी नव्हती.

३१ मार्च, कोर्टातून आल्यावर

वही वाचली, पाच मार्चच्या पानापासून. मोठ्यानं. भरल्या कोर्टात. एक-शून्य वाचलं, दूधवाला वाचला, कपाळावरचा चष्मा वाचला. मध्येच वकीलबाईंनी घाईत छाती चाळीस, बाही आखूड हेही वाचलं. लोक हसले. नात हसली नाही. घड्याळाकडे बघत होती, बारा वाजले होते, पाचाला पाच तास.

त्याचा वकील उठला. म्हणाला, ही वही काल रात्री बसून लिहिली असेल. न्यायाधीशबाईंनी मशीनवालीला पुढे बोलावलं. तिनं पानं दाखवली. प्रत्येक पानावर तारीख, माप, कपडा नेल्यावर गिऱ्हाइकाची सही, आणि त्या सहीच्या खाली-वर दाटीवाटीनं मी. म्हणाली, तारीख घातल्याशिवाय मी टेप हातात घेत नाही, मॅडम.

मग मला विचारलं, आजी, समन्स वाचून का नाही पाहिलं? त्र्याऐंशी वर्षं सांभाळलेली गोष्ट. नातीसमोर, नातजावयासमोर, खाकी पिशवीवालाही मागं उभा होता. म्हटलं, बाई, मला वाचता येत नाही. अंगठा घेतला. निळी शाई अजून गेली नाही.

हुकूम थांबवला. पुढची तारीख सतरा एप्रिल. तोवर चिमणी आमच्याकडे. पण लांडग्याची गोष्टही वाचली गेली होती. न्यायाधीशबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, दर रविवारी दहा ते पाच मुलगी वडिलांकडे जाईल. ते माझ्यामुळे.

नातजावयानं चष्मा काढून पुसला. मग परत पुसला. एका हातानं डावा गाल धरला होता सारखा.

५ एप्रिल, सकाळ

घरात नवा कायदा. दार आजीनं उघडायचं नाही. तरी काल उघडलं, नात न्हाणीघरात होती. खाकी पिशवी. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, ऐकू येतंय ना आज? अंगठा दिला, कागद घेतला, त्यानं सतरा तारीख वाचून दाखवली, नातीच्या हातात दिला, तिनं तिथूनच फोन लावला. पाच मिनिटांचं काम. एवढ्यासाठी मी दोन आठवडे पीठ चाळलं.

रुमालाला चौथी गाठ पुन्हा मारली. नाक आता हातानं पुसते.

चिमणीला गोष्ट दुरुस्त करून सांगितली. लांडग्याला चष्मा गोष्टी वाचायला लागतो. ती म्हणाली, मग तो पणजीपेक्षा हुशार. झोप म्हटलं.

या वहीची झेरॉक्स आता फायलीत आहे, म्हणून जपून बोलते. मशीनवाले, हे पान फाडून वर नातीला दे, माझ्याशी अजून नीट बोलत नाही ती. उद्या रविवार. चिमणीच्या पिशवीत दोन अंडी उकडून, सफरचंद सालं काढून. आणि वेगळ्या छोट्या डब्यात बटाटा कुस्करून, दूध घालून, पार मऊ. तो चिमणीला नाही. त्याची डावी दाढ गेलीय, आणि नातीच्या दातांच्या दवाखान्यात तो कुठल्या तोंडानं येणार? कुणी पाठवलं ते सांगू नका. मीठ कमी, आणि गार करूनच पाठवा.