घासलेले दगड

कागल, १९१२

प्रिय गणपत,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या फातिमाभाभीची तब्येत विचारलीस, ती बरी आहे. माझी विचारली नाहीस. तेही तुझ्या स्वभावाला धरूनच झालं.

कोल्हापुरात दारूच्या भट्टीमागे आपण दगडांचा तो थर रचला, ते दिवस आठवतात? तू पुण्याहून शिकून आला होतास. मोहाचं आंबूस, तांबडं सांडपाणी ओढ्यात सोडायचं नाही, आधी दगडांवरून झिरपू द्यायचं, असं तूच सांगितलंस. दोन महिन्यांत दगडांवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, घाण हेच त्यांचं जेवण, हेही तूच शिकवलंस. थराची राखण माझ्याकडे आली आणि मी तर वेडाच झालो. साय सुकू नये म्हणून फातिमाच्या आजारपणातसुद्धा पाण्याची पाळी चुकवली नाही. खाली ओढ्यावर झुंबरबाईच्या म्हशी निवांत पाणी प्यायच्या.

मग दरबारचा साहेब पाहणीला येणार म्हणून तुझी धांदल उडाली. 'इलाही, असलं घाणेरडं सायबाला दिसाय नगं. समदं चुन्यानं घासून काढ,' म्हणालास. मी हात जोडले, तुझंच शिकवणं तुला ऐकवलं. तू ओरडलास आणि मी घासले. लाज याची वाटते, की चांगले घासले. पांढरेशुभ्र दगड पाहून साहेबानं तुझी पाठ थोपटली.

आठवड्यात ओढा नासला. मासे उलटे झाले, झुंबरबाईच्या दोन म्हशी गेल्या. माणसं भट्टीवर चालून आली तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. राखणदारानं हयगय केली म्हणे! मी तुझं नाव घेतलं नाही. वाटलं, दोस्त आहे, लोकांचा राग निवला की खरं सांगेल. मला गाव सोडून इथं यावं लागलं, त्याला दोन वर्षं झाली. झुंबरबाई कागलच्या बाजारात भेटली की अजून थुंकते. 'पाणी नासवलंस की रं मुडद्या!' म्हणते.

आता लिहितोस, साय पुन्हा धरत नाही, तूच ये. पण मागच्या वाटेनं, कुणाला दिसू नकोस. साय धरायला पाणी निववून थोडं थोडं सोडावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. पण दिवसभर तिथं उभं कोण राहणार? मी येतो. त्या ओढ्याचं पाणी माणसं पितात, तेवढ्यासाठीच येतो. रविवारी, भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं. सोबत झुंबरबाई आहे. तिला काल सगळं सांगितलं. तिच्याशी तू बोल.

एके काळचा तुझाच,
इलाही