लिंबांखालचं शोभेचं गवत

औराद, ५ जुलै १९५३
तहसीलदारसाहेब गावात गार्डन कमिटी काढणार, असं कचेरीत कळलं. सेक्रेटरी मीच होणार. गेल्या समारंभात हारांचं तबक धरून उभा होतो; आता स्टेजवर खुर्ची. प्लॅन तयार आहे. परसातल्या कडुलिंबांच्या गर्द सावलीत रानगवताची बाग करायची. गुलाब काय, कोणीही लावतं.

१२ जुलै
माळावरून पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांचे ठोंब आणून लावले. कंबर गेली. शेजारचा रेवणप्पा कुंपणावरून म्हणाला, अण्णा, आमी रानातून उपटायलाव ते तुमी घरी कामून लावायलाव? शेती करणाऱ्याला सौंदर्यदृष्टी नसते. त्याला क्षमा केली.

९ ऑगस्ट
निम्मं गवत पिवळं. रेवणप्पा म्हणतो, माळाच्या गवताला ऊन लागतं. माझ्या मते हा गोल्डन इफेक्ट आहे.

४ ऑक्टोबर
कडेच्या उन्हात कुसळी मात्र जोरात. धोतरात इतकी कुसळं घुसली की बायको शारदा संध्याकाळभर वेचत बसली. धुणं तीच धुते, त्यामुळे बागेबद्दलचं तिचं मत एकतर्फी आहे.

१० ऑक्टोबर
साहेब उद्या चहाला आणि बाग बघायला येणार. शारदेला बजावलं, मोठा माणूस येतोय, परस नीट दिसलं पाहिजे. काळजी करू नका म्हणाली. तिलाही आता गोडी लागली.

११ ऑक्टोबर, दुपार
सकाळीच साहेबांना आणायला गेलो. वाटभर गवतावर बोललो. परसात पाऊल टाकलं. एक काडी शिल्लक नाही. शारदा आणि गल्लीतल्या बायकांनी विळे घेऊन सगळं साफ केलेलं. वर शेणाचा सडा, रांगोळी. रेवणप्पाची बायको मल्लम्मा हळूच म्हणाली, अण्णा, एवढं गवत माजलेलं, सायब काय म्हनंल म्हनून वैनी रातभर झोपल्या न्हाईत. मला रडू आलं. साहेबांना वाटलं, आनंदाने. म्हणाले, इतकं स्वच्छ परस तालुक्यात नाही.

१५ ऑक्टोबर
सेक्रेटरी झालो. गाव-सफाई कमिटीचा. गार्डन कमिटी गावच्या डॉक्टरांच्या गुलाबांना गेली. साहेबांचा मला पहिला हुकूम : कचेरीच्या आवारातलं रानगवत समूळ काढणे. शारदेकडे विळा मागितला. तिनं विचारलं, त्या बायकांनाही बोलवू का? म्हणालो, व्हय.