काळा कंट्रोलर कुणी जाळला

आबा,

तुमचा काळा कंट्रोलर तुमच्या हातून जळला नव्हता. तो मी जाळला. एवढं सांगायला मला तुमच्या माघारी इतकी वर्षं लागली, आणि तेही कागदावर. तुम्ही समोर असता तर मी आधी चहा टाकला असता, मग गावाकडच्या कुणाची तरी चौकशी केली असती आणि मूळ गोष्ट पुन्हा राहून गेली असती. मला तुम्ही ओळखताच.

तो संच घरात आला तो दिवस मला अजून दिसतो. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या साहेबांची मुलं मोठी होऊन परदेशी गेली, तेव्हा त्यांची खेळण्यातली आगगाडी साहेबांनी तुम्हाला बोलावून दिली, कारण तिची कदर करील असा इंजिन ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा तुम्ही एकटेच. लंबगोल रूळ, एक हिरवं इंजिन, तीन डबे आणि तो काळा कंट्रोलर. घरातली वीज त्यात शिरते आणि चिमुकल्या इंजिनाला झेपेल एवढीच बाहेर येते. वरची घुंडी फिरवू तशी गाडी हळू किंवा जोरात धावते. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "उभा जलम गाड्या ढकलल्या, आता घरातबी गाडीच का?" तुम्ही नुसते हसलात. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावायचं, ढकलत वर आणायचं, लोणावळ्यात सुटायचं आणि पुन्हा खाली जायचं, ही तुमची नोकरी. गाडीतल्या एकाही माणसाला कधी कळलं नाही की मागे तुम्ही आहात. आमच्या बाहेरच्या खोलीत मात्र अख्खी गाडी तुमच्या डोळ्यांसमोर असायची, आणि रिटायर झाल्यावर तुम्ही फरशीवर मांडी घालून तासन्‌तास तिच्याकडे बघत बसायचा. आईला केर काढायला जागा मिळायची नाही.

तुमचा नियम एकच होता. ते लोडशेडिंगचे दिवस. दुपारी लाइट जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा. "लाइट गेली की पयला हात हितं," तुम्ही घुंडीवर बोट ठेवून सांगायचा. "आधी शून्यावर. ती येताना काय इचारून येती का?" खऱ्या इंजिनावरही वरच्या तारेतली वीज गेली की तुमचा हात असाच आपोआप हँडलवर जात असे. मी तिशीची घोडी, पुण्यात नोकरीला, आणि तरी तुम्ही मला घुंडी कधी अर्ध्याच्या पुढे फिरवू दिली नाहीत. एकदा मी फिरवली तर आईदेखत हातावर चापट मारलीत. मला त्या चापटीचा फार राग आला होता. त्या रात्री मी जेवले नाही, आणि तुम्ही दोनदा बोलवायला आलात.

मग तो रविवार. तुम्ही दोघं कामशेतला बारशाला गेला होता. सकाळी तुम्ही गाडी चालवत असतानाच लाइट गेली, म्हणून संच फरशीवर तसाच ठेवून निघालात, घुंडी अर्थातच शून्यावर आणून. लाइट आल्यावर मी दार लोटून घेतलं आणि घुंडी पार शेवटपर्यंत फिरवली. काय पळाली ती गाडी! मी एकटीच टाळ्या वाजवत होते. पाच मिनिटांत पुन्हा लाइट गेली, पंखा थांबला, उकडायला लागलं, आणि मी उठून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गप्पा मारायला गेले. घुंडी तशीच. तासाभराने लाइट आली तेव्हा मी काकूंची नवी साडी उलगडून बघत होते. रिकाम्या घरात गाडी एकदम सुसाट सुटली असणार, वळणावर घसरली असणार आणि इंजिन दोन्ही रुळांवर आडवं पडलं असणार. त्याच्यातून वीज वाहत राहिली आणि कंट्रोलर आतल्या आत भाजत गेला. मी परत आले तर तुम्ही माझ्या आधी पोचलेले. खोलीभर करपल्याचा वास, आणि तुम्ही टोपीसुद्धा न काढता खाली बसलेले, मांडीवर तो जळका कंट्रोलर. "सकाळी मीच लावल्तं," तुम्ही आईला सांगत होता. "घुंडी ऱ्हायली माझ्याकडनं." आई म्हणाली, "घर पेटलं असतं म्हंजी?" मी दारात उभी होते. मी गप्प राहिले.

आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी सोमवारची लोकल पकडून पुण्याला गेले. पुढच्या शनिवारी आले तर गाडी खोक्यात बांधून माळ्यावर गेली होती. मला वाटलं, झालं, एक खेळणं गेलं. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. तुम्ही कुलूप लावून चार पावलं जायचा आणि कुलूप ओढून बघायला परत यायचा. चहा स्वतः करणं सोडलंत. झोपताना आईला विचारायचा, "ग्यास बघितला का? परत बघ." एकदा मी तुमच्याबरोबर स्टेशनवर बाकावर बसले होते. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडत होते. ते बघत तुम्ही म्हणालात, "बरं झालं सुटलो. नोकरीतबी असं कितींदा झालं असंल माझ्याकडनं, कुणाला कळलं नसंल." आबा, उभ्या नोकरीत तुमच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि त्या नोकरीवरचा तुमचा विश्वास माझ्यामुळे गेला. त्याच बाकावर मी तुम्हाला सांगू शकले असते. मी भेळ आणायला उठले. पुढे चार वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर अशा संधी शेकड्यांनी आल्या आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी आणायला उठले.

तुम्ही गेल्यावर मी तसाच कंट्रोलर शोधायला लागले. तो मिळाला की काहीतरी भरून निघेल, असं खूळ डोक्यात होतं. तसा मिळेना, पण दुसरे मिळत गेले. भंगारवाल्यांकडून, रिकाम्या होणाऱ्या बंगल्यांतून, कुणाच्या मुलाच्या कपाटातून. आज कुसगावच्या या घरात सदतीस आहेत. एकाला घुंडीऐवजी खऱ्या इंजिनासारखं हँडल आहे. एक लोणावळ्यातल्याच एका मास्तरांनी लाकडी डब्यात घरी केलाय. त्यात स्कूटरचा बल्ब आहे, रुळावर काही आडवं आलं की तो पेटतो आणि कंट्रोलर वाचतो. तो बल्ब हातात घेऊन मी पुष्कळ वेळ बसले होते. पुण्यात हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमतात, तिथे मी जाते. बाकीचे इंजिनं जमवतात. मी कंट्रोलरवाली बाई. तरुण पोरं आता मोबाइलवरूनच गाडी चालवतात आणि मला चिडवतात, "मॅडम, गाडी कधी घेणार?" मीही हसते. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं. शनिवार-रविवारी भुशी धरणाचा रस्ता विचारायला गाड्या थांबतात, तेवढीच काय ती वाचा फुटते. रस्ता माहीत असलेल्यांनाही मी दोन वळणं जास्त समजावून सांगते.

आणि गेल्या महिन्यात तो मिळाला. बेगडेवाडीला एक काका राहतात, कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी कॉटएवढ्या फळीवर स्टेशन, बोगदा, सिग्नल सगळं मांडलंय. त्यांच्याकडे तुमच्यासारखा काळा कंट्रोलर होता, तेच पांढरे आकडे, तीच किंचित सैल घुंडी. "चालवा की," ते म्हणाले. मी गाडी सुरू केली. ती बोगद्यातून बाहेर पडते तोच लाइट गेली, आणि मला कळायच्या आत माझ्या हातानं घुंडी शून्यावर आणली.

काका बघत होते. "ह्ये ब्येस केलंत. लय जण इसरत्यात. घरात कोण रेल्वेत व्हतं का?"

"वडील."

"मंग बराबर. त्यांनीच लावलं असंल वळण."

मी डोळे पुसले. काकांना वाटलं तुमच्या आठवणीनं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी कंट्रोलर कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. "घिऊन जा, ताई. माज्याकडं अजून एक हाय." परतीच्या लोकलमध्ये मी तो मांडीवर धरून बसले. घरी येऊन माळ्यावरचं खोकं काढलं, रूळ पुसले, इंजिनाला तेल दिलं. जरा कुरकुरलं, मग चालायला लागलं. घुंडी पूर्ण फिरवली तर आता अडवणारं कुणी नाही, आणि माझा हात अर्ध्यावरच थांबतो. भरून काही निघालं नाही, आबा. गाडी फिरते, मी बघते, आणि थोड्या वेळानं बंद करून भाजी निवडायला बसते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. मी गप्प राहिले, असं वर लिहिलंय. इतकी वर्षं स्वतःलाही मी तेच सांगत आलेय. ते खोटं आहे. आई पाणी आणायला आत गेली तेव्हा तुम्ही मान वर करून मला विचारलं होतंत, "पोरी, तू तर न्हाई ना हात लावलास?" तुमच्या आवाजात राग नव्हता. मी 'हो' म्हणावं म्हणूनच तुम्ही विचारत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. आणि मी चप्पल काढता काढता म्हणाले, "मी कशाला लावू? सकाळी तुम्हीच लावलं होतंत ना."