दोन केबल, एक पूल

३ फेब्रुवारी, सोमवार
सयाजीगंज–मकरपुरा–अकोटा फायबर रिंगचं डिझाइन माझ्याकडे! एका बाजूची केबल तुटली, तर ट्रॅफिक आपोआप दुसऱ्या बाजूने फिरेल. कपॅसिटी पुढच्या तीस वर्षांची. आमच्या बॉस शालिनीबेन म्हणाल्या, सलीलभाई, आधीचे दोन प्रोजेक्ट तुम्ही बुडवलेत. ही रिंग बंद पडली की तुम्ही कंप्लेंट डेस्कवर. गंमत करतात.
संकल्प : घाई करायची नाही.

११ फेब्रुवारी
विश्वामित्री नदी दोनदा ओलांडायची. म्हणजे दोन पूल, दोन परवानग्या, महापालिकेत दुप्पट खेटे. डोकं चालवलं. दोन्ही केबल एकाच पुलावर, एकाच पाइपातून. अर्ज एकच.

१४ फेब्रुवारी
केबल टाकणारे सुपरवायझर जयवंतराव म्हणाले, साहेब, बेउ केबल एकाच पाइपात? अनुभवी माणूस, पण थिअरी कच्ची. केबल दोन आहेत, हे त्यांना पुन्हा समजावलं. 'चालशे' म्हणाले. पटलं असावं.

५ मार्च
टेस्ट. ऑफिसात एक केबल उपटली. पन्नास मिलीसेकंदांत ट्रॅफिक दुसरीकडे! शालिनीबेननी हात मिळवला. घरी पूर्णिमाने शिरा केला. प्रमोशनबद्दल तिला सांगून टाकलं. अजून झालेलं नाही, पण होणारच आहे.

१८ मार्च, सकाळी ११.२०
पाण्याच्या लाइनसाठी पुलाच्या तोंडाशी जेसीबी लावला होता. एका फटक्यात दोन्ही केबल गेल्या. अख्खा अकोटा बंद. आमच्या घरासकट.

दुपारी ४
डिझाइनमध्ये दोष नाही. रिंग एका वेळी एकच केबल तुटेल असं धरून चालते. जेसीबीवाल्याने ते धरलं नाही. शालिनीबेनना तसा मेल लिहिला. पाठवायचा धीर झाला नाही.

१९ मार्च
पाइपाच्या तोंडाशी उभा होतो. शेकडो तंतू, एकेक जोडायचा. तीन दिवस तरी लागतील. जयवंतरावांनी मला बसायला स्टूल आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० मार्च
कंप्लेंट डेस्क. तात्पुरतं असावं. घरी सांगितलेलं नाही.
पहिलाच फोन अकोट्यातून. बाई म्हणाल्या, तीन दिवस नेट नाही, मुलीचे क्लास बुडतायत. आवाज पूर्णिमाचा. मी घसा बसल्यासारखा, गुजरातीत बोललो. तिने सांगितलं, माझे मिस्टर तुमच्याच कंपनीत मोठ्या पोस्टवर आहेत, त्यांच्या कानावर घाला, ते लगेच करतील.
मी म्हटलं, हो बेन, घालतो.