मुनियांचं घराणं

२ मे १९७३, वडवणी

सोसायटीच्या गोदामामागं पाच मुनिया मरून पडलेल्या! शाळेच्या संग्रहाला आयत्याच मिळाल्या. काही ठिपक्यांच्या, काही पांढऱ्या गळ्याच्या. पुस्तकात या दोन्ही जाती एकाच वंशात. मला पटत नाही. पांढऱ्या गळ्यावालीचं शेपूट टोकदार, चोच निराळी. तिचं घराणं वेगळंच! हेडमास्तर अर्जुनराव म्हणाले, "दुष्काळात मास्तर पाखरांची सोयरीक बघायलेत." हसा लेको!

४ मे

शेजारच्या सुंदरबाईनं मिलो दिला. रेशनवर येते ती परदेशी लाल ज्वारी. तिचा मालक आश्रुबा गोदामात हमाल. पोतं फुटलं, सांडलेलं झाडून आणलं म्हणे. मनकर्णा खूश — "आवो, दोन पाण्यातच लाल गेलं बगा! भाकर पांढरी हुती." सातवा महिना तिला, खाऊ दे पोटभर. माझं शाळेत दुष्काळी मदत म्हणून वाटतात त्या सुकडीच्या पिठावर भागतं.

११ मे

मुनिया रोजच मरतायत. थरथरतात, उडता येत नाही. दोन्हीकडच्या मरतात! एक रोग, म्हणजे एकच घराणं? मीच चुकलो की काय! दिवसभर डोकं फिरलेलं.

मनकर्णाच्या ओठांना मुंग्या येतात. ऊन लागलं असेल.

१९ मे

तिच्या हातातून तांब्या सुटला. चालताना तोल जातो. सुंदरबाई म्हणाली, "पयल्या खेपेला आसंच आसतंय, मास्तर. लई जिवाला लावून घिऊ नका." आणखी पायलीभर ठेवून गेली. भली बाई.

२४ मे

आज चिमणी मेली. चिमणी! तिचा मुनियांशी काय संबंध? म्हणजे रोग घराण्याचा नव्हेच. मी चोची आणि शेपट्या बघत बसलो. खातात काय, ते बघायला हवं होतं. गाढव आहे मी!

२५ मे

चिमणी चिरली. आत लाल दाणे. मुनियांतही तेच. माझी बोटं लाल झाली — पाण्याखाली धरली, स्वच्छ!

गोदामात धावलो. आश्रुबा म्हणाला, "पेरायचं बी हाय म्हनं त्ये, आत्ता कळलं. कीड लागू न्हाई म्हून औषध चोळलेलं. लाल दिसलं, मला वाटलं मिलोच. आमी बी त्येच खातोय की!"

मिलोचा लाल रंग धुतल्यानं जात नाही. कधीच नाही.

२५ मे, दुपार

मनकर्णाला हाक मारली. चुलीपासून वळली. "कुटं हाव तुमी?" म्हणाली. मी समोरच उभा होतो.