गिरगावातली खोली

शुक्र., ६ सप्टें. १९५७
अमेरिकेची तार. दक्षिणेतल्या एका गावी कोर्टाच्या हुकमानं काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाणार होती. दारात बंदूकवाले शिपाई आडवे. एक मुलगी एकटीच पोचली, मागं शिव्या देणारा जमाव.
वसंतरावांनी, आमच्या उपसंपादकांनी, मोठ्यानं वाचून दाखवली. चहाचा कप तसाच ठेवला. "कांबळेबाई, माणसं आहेत का जनावरं ही?" डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते.
निघताना आपणहून म्हणाले, काकांच्या वाडीत खोली रिकामी आहे, विचारतो. गिरगावात! ऑफिसपासून चालत. ह्यांना सांगितलं तर नुसते हसले. परळच्या एका खोलीत आम्ही आठजण. मी ट्रंकेवर कागद ठेवून भाषांतरं करते.

मंगळ., १०
माझ्या 'परदेश' पानासाठी अमेरिकेच्या नव्या नाचगाण्यांवर मजकूर हवा. खोताच्या वाडीत टायपिस्ट मेरीच्या घरी रेकॉर्डी ऐकल्या. पाय आपोआप हलायला लागतात. मेरी म्हणाली, "ही चाल मूळची काळ्यांची गं. गोऱ्या पोरानं गायली नि मग सगळे पागल."
वसंतरावांचा निरोप : काका म्हणतात पितृपक्ष संपू दे.

शनि., १४
शि. पार्कवर सं. महाराष्ट्राची सभा. ह्यांनी डफ घेतला, पहिल्याच आरोळीला मैदान उठलं. मिलमध्ये आठ तास उभं राहून एवढा आवाज येतो कुठून! वसंतराव काकांना घेऊन आले होते. काकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाहीर, मुंबई तुम्हीच मिळवून देणार!"
घरी येताना हे म्हणाले, "खोली मिळाली समज."
 मेरीचं त्या चालीबद्दलचं बोलणं का कोण जाणे डोक्यात.

मंगळ., २४
पितृपक्ष काल संपला. वसंतराव सकाळपासून माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. शेवटी मीच गेले.
"काकांचं काही नाही हो. भाडेकरू ऐकत नाहीत."
"काय ऐकत नाहीत?"
"तुम्ही... म्हणजे आता बौद्ध झालात, ते ठीकच. पण लोकांना..."
वाक्य पुरं केलं नाही. मी पण करू दिलं नाही.
ह्यांना सांगितलं. जेवण अर्धं टाकून उठले. डफाला हात लावला नाही.

गुरु., २६
अमेरिकेच्या सरकारनं लष्कर पाठवलं. सैनिकांच्या पहाऱ्यात नऊ मुलं शाळेत शिरली. वसंतराव टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते, "झालं की नाही!" माझ्यापाशी आले नि थांबले.
नाचगाण्यांचा मजकूर बाजूला ठेवला. मुलांवर लिहिलं. एका बैठकीत. शेवटी : 'हे फक्त अमेरिकेतच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बौद्ध म्हणून गिरगावात एक खोली मागून पाहावी.'
 नोकरी गेली तर?

शुक्र., २७
प्रूफ वसंतरावांकडे. बोलावलं. दार लोटून घेतलं.
"ही ओळ काढा."
"चूक आहे का?"
"काका दर अंक वाचतात, बाई."
"वाचू देत."
"मी तुमच्याच बाजूचा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तुमच्या माणसांबरोबर लाठ्या खाल्ल्यात मी."
"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला विचारते, ओळ खोटी आहे का?"
प्रूफ उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "जा तुम्ही." प्रूफ त्यांच्याकडेच राहिलं.
झोप नाही.

शनि., २८
अंक आला. उभ्यानंच पान उघडलं. ओळ आहे. शब्द न् शब्द. खाली माझं नाव, आडनावासकट.
वसंतराव आले नाहीत. चहाच्या वेळी माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मेरी तेवढी आली.

रवि., २९
वसंतराव सकाळी थेट चाळीत. पहिल्यांदाच. आमच्या सासूबाईंनी पाट दिला, चहा दिला. प्यायले. काकांशी कडाक्याचं भांडण झालंय म्हणे. "त्यांनी तुम्हा दोघांना पाच वाजता बोलावलंय. कशाला ते सांगत नाहीत. वाडीतले सगळे भाडेकरू पण बसणार आहेत."
"तुम्ही?"
"मी तुमच्याबरोबर येतो. त्यांच्या बाजूनं नाही."
नको जायला, असं सासूबाईंचं मत. ह्यांनी मात्र साडेतीनला उठून दाढी केली. मी पांढरा सदरा काढून दिला, तर म्हणाले, "हा नको. अर्ज घेऊन आल्यासारखा दिसेन." रोजचाच निळा घातला.
सव्वाचार. खाली वसंतराव उभे आहेत. निघतो.